कोणी मागितलं, का मागितलं

आमच्या ऑफिसात पंचशीला पाईकरावला लोक मागून ‘का-बाई’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला त्यांचा राग यायचा. तसा मला राग लवकरच येतो, तो माझ्या स्वभावाचा भाग आहे आणि मी तो सोडायला निघालेली नाही. पण नाव अगदीच चुकीचं नव्हतं. पंचशीलाला कुणी काहीही सांगितलं की ती पेन खाली ठेवायची, चष्मा वर सरकवायची आणि शांतपणे विचारायची, “का?” समोरचा माणूस साधा असेल तर विचार करून उत्तर द्यायचा. मोठा असेल तर चिडायचा.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. मीरा रोडला एका मिठाईच्या दुकानाच्या वर ईश्वर सरांची वेबसाइट बनवायची कंपनी होती. ‘कंपनी’ हा शब्द सरांचा. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होतो आणि दुपारनंतर सगळ्या कॉम्प्युटरना तुपाचा वास यायचा. रोशन प्रोग्राम लिहायचा. मी, म्हणजे क्षितिजा, पडद्यावर काय कसं दिसेल ते रंगवायची. आणि आम्हा दोघांच्या आधी कामाला लागायची ती पंचशीला. गिऱ्हाईकाकडे जायचं, त्याला नेमकं काय पाहिजे ते त्याच्या पोटातून काढायचं आणि ओळीओळीने लिहून आणायचं, हे तिचं काम. त्या कागदांना रिक्वायरमेंट म्हणतात. ऐकणाऱ्याला ते कारकुनी काम वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या शेठजीसमोर बसून त्याला काय पाहिजे ते त्याच्याकडून एका वाक्यात वदवून दाखवावं, मग बोलावं.

पंचशीलाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक ओळीपुढे ती तीन रकाने पाडायची. काय पाहिजे, कोणी मागितलं, का मागितलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पुढे जात नसे, मग मागणारा कुणीही असो. प्रत्येक ओळीखाली एक उदाहरण असायचं, अमुक ग्राहकाने अमुक केलं तर साइटने काय करायचं, म्हणजे रोशनला तपासून बघता यावं. आणि सही घ्यायच्या आधी ती सगळा कागद गिऱ्हाईकाला मोठ्याने वाचून दाखवायची, कारण कागद कुणी वाचत नाही हे तिला माहीत होतं. एखादी ओळ काढायची असेल तर ज्याने मागितली त्यानेच ती स्वतःच्या हाताने खोडायची आणि शेजारी सही करायची. ईश्वर सर या पद्धतीचं गिऱ्हाइकांसमोर तोंड भरून कौतुक करायचे. ती अंगावर येईपर्यंत.

हा ‘का’ तिच्यात कुठून आला ते मला तिच्या घरी कळलं. तिचे वडील सहादेवकाका मूळचे हिंगोलीकडचे. कुर्ल्याला एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडत आला तेव्हा त्यांनी चाळीतली खोली विकून मीरा रोडला घर बघायला सुरुवात केली. पंचशीला तेव्हा शाळेत होती आणि बाबांबरोबर हिंडायची. दलाल घर दाखवायचा, हवा, पाणी, बाजार सगळ्याचं वर्णन करायचा, आणि जिन्यातून उतरताना सहज विचारल्यासारखं आडनाव विचारायचा. दुसऱ्या दिवशी घरमालकाचा विचार बदललेला असायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, होतच राहिलं. ती बाबांना विचारायची, का बदलला विचार? बाबा म्हणायचे, चल, पुढचं बघू. शेवटी नया नगरमध्ये, मुसलमानांच्या वस्तीत, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घर दाखवलं आणि एकच गोष्ट विचारली, सामान कधी आणताय? सहादेवकाका सांगतात की तो प्रश्न ऐकून त्यांना खुर्ची मागून घ्यावी लागली.

तेव्हापासून पाईकराव नया नगरमध्ये. आणि आमच्या शांतीनगरच्या सोसायटीत, जिथले सगळे पदाधिकारी आमच्यासारखेच गिरगाव-लालबागहून आलेले मराठी लोक, तिथे अजून भाडेकरूचं आडनाव आधी विचारतात आणि पाणीपट्टी नंतर. हे मी मीटिंगमध्ये उभं राहून बोललेय. आमच्या बाबांचा चहा त्या दिवशी गार झाला.

तर त्या वर्षी जूनमध्ये चंदनशेठ आले. भाईंदरला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान, चंदन स्टील. लग्नातली भांडी, डब्यांचे सेट, कुकर, छतापर्यंत रचलेले टोप. त्यांच्या भाच्याने कुठेतरी इंटरनेटवर दुकान चालतं असं पाहिलं होतं आणि शेठना ते धनत्रयोदशीच्या आत पाहिजे होतं. गिऱ्हाईक घरबसल्या भांडी निवडेल, टेम्पो घरी माल पोचवेल, पैसे दारात. त्या काळात कार्डाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकायला लोक घाबरायचे, म्हणून दारात. ईश्वर सरांसाठी ते वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं.

काय पाहिजे असं विचारल्यावर शेठ म्हणाले, दुकानात जे सगळं आहे ते सगळं पाहिजे. पंचशीलाने विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही येऊन बसा ना दुकानात, बघा.” त्यांना वाटलं ती हसून विषय सोडून देईल. दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायच्या आधी शटरपाशी उभी.

मीही एकदोनदा तिच्याबरोबर गेले. ती एका पिंपावर बसायची आणि बघायची. बायका आधी भांडं हातात घेऊन तोलतात, मग बोटाने वाजवतात, मग किंमत विचारतात. साइटवर तोलता येणार नाही, वाजवता येणार नाही, तर मग वजन आणि पत्र्याची जाडी मोठ्या अक्षरात लिहिली पाहिजे, ही ओळ तिथे सापडली. शेठ खूश झाले. एरवी चहा फक्त लग्नाच्या गिऱ्हाईकाला मिळायचा, तो तिला रोज यायला लागला.

आणि नाव टाकणं. दुकानाच्या कोपऱ्यात राघो नावाचे एक काका बसायचे, राई गावचे. हातात नाव टाकायचं मशीन, डोळ्यावर जाड भिंग. भांडं घेतलं, पैसे दिले, की बाई म्हणायची, नाव टाका. राघोकाका विचारायचे, “कंचा नाव टाकू? नवऱ्याचा की सासऱ्याचा?” मग ते घर्रघर्र मशीन फिरायचं आणि भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांचं नाव उमटायचं. कुणाचं नाव, कुणाच्या लग्नाची तारीख, कुणाच्या स्मरणार्थ. साइटवर भांड्यासोबत नावासाठी एक चौकट हवी हे पंचशीलाने लगेच ओळखलं. पण चौकटीत कुणी काय लिहावं? शेठ म्हणाले, गिऱ्हाईक लिहील ते जसंच्या तसं टाकायचं. एक अक्षर इकडेतिकडे नाही. का? तर एकदा राघोकाकांनी आपलं डोकं चालवून कुणा सासूचं नाव सुधारलं होतं, आणि ते वऱ्हाड दुकानात येऊन भांडून गेलं होतं. पंचशीलाने लिहिलं: ग्राहक लिहील ते जसंच्या तसं टाकावं, दुकानाने त्यात बदल करू नये. मागणी, चंदनशेठ. कारण, सासू.

मग तिने विचारलं, “पण शेठ, मुळात लोक नाव टाकतात का?”

शेठ हसले. म्हणाले, “काय मॅडम, तुमच्या घरी भांडी नाहीत का? भांडं शेजारी जातं. लग्नकार्याला जातं, सणाला जातं. नाव असलं तर परत येतं.”

तिने तेही लिहून घेतलं. त्या वेळी ती जरा जास्तच वेळ त्या ओळीकडे बघत होती हे मला दिसलं होतं. पण मी तेव्हा चहात बिस्कीट बुडवण्यात गुंतले होते.

त्या जुलैत लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले. मीरा रोडची, भाईंदरची माणसं गेली. आमच्या इमारतीतले एक काका परत आले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे काही लोक नया नगरचं नाव आवाज खाली करून घ्यायला लागले. तिथली माणसंही त्याच गाड्यांत होती, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी दोघातिघांशी भांडले. पंचशीला भांडली नाही. ती रोज तिथून चालत ऑफिसला येत होती, आणि तिला बघून लोकांचा आवाज आणखी खाली जात होता.

सप्टेंबरात कागद पुरा होत आला, आणि एका दुपारी ईश्वर सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरट होते, आणि घाबरट माणसाच्या हातून जे होतं ते वाईट माणसाहून फारसं वेगळं नसतं, असं माझं मत आहे. ते म्हणाले, शेठचा फोन आला होता. एक छोटीशी गोष्ट राहिली आहे. एका भागातल्या ऑर्डरी साइटने घ्यायच्या नाहीत. कुठला भाग ते त्यांनी पुटपुटत सांगितलं, पण मी शेजारीच बसले होते.

पंचशीलाने पेन खाली ठेवलं. चष्मा वर सरकवला.

सरच पुढे बोलले. शेठ म्हणतात, तिकडून माल परत येतो. टेम्पोवाले जायला कुरकुर करतात. सध्याचे दिवस असे आहेत. शेठचा धंदा आहे, त्यांची मर्जी. आणि हो, हे कागदात घ्यायचं नाही, रोशनला तोंडी सांगून टाक.

रोशनने मान वर केली आणि सांगितलं की ते तितकं सोपं नाही. पिनकोडवर अडवता येणार नाही. पिनकोड सगळ्या मीरा रोडचा एकच, आणि शेठचं निम्मं गिऱ्हाईक शांतीनगरचं. ग्राहक पत्त्यात जे लिहितो त्यात वस्तीचं नाव शोधावं लागेल आणि सापडलं तर ऑर्डर परत पाठवावी लागेल. म्हणजे प्रोग्राममध्ये ते नाव लिहावं लागेल.

“मग कागदात आधी लिहावं लागेल,” पंचशीला म्हणाली.

सर म्हणाले, तेच तर नकोय. ती म्हणाली, जे बनवायचं ते लिहायचं, जे लिहिलेलं नाही ते बनवायचं नाही, हे तुम्हीच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता. सर म्हणाले, प्रत्येक नियमाला अपवाद असतो. ती म्हणाली, अपवादही लिहिते, कारण सांगा. असं बराच वेळ चाललं. खाली दुकानात कुणी जिलबी तोलून मागत होतं, तेही ऐकू येत होतं. शेवटी सरांचा आवाज चढला. म्हणाले, “पंचशीला, तू नोकरी करतेस की चळवळ? हे काम गेलं तर तुलाही जावं लागेल, हे लक्षात ठेव.”

ती म्हणाली, “सर, मी नाही म्हणतच नाहीये. मी लिहितेय.”

आणि तिने लिहिलं. नोकरीची गरज तिला नव्हती असं कुणी समजू नये. काका घरी बसलेले, धाकटा भाऊ शिकत होता, घरात पगार आणणारी ती एकटी. संध्याकाळी मी तिला म्हटलं, सोडून दे ना, रोशनला मी सांगते, तो विसरल्यासारखं करेल, कुणाला कळणार नाही. ती माझ्यावर चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, “आमच्या वेळी पण कुणी तोंडावर ‘नाही’ असं म्हटलं नाही, क्षितिजा. मालकाचा विचार बदलला, एवढंच. लिहिलेलं काही नव्हतं, म्हणून भांडायला काही नव्हतं. या वेळी मी ते लिहून घेणार. ज्याला पाहिजे त्याने सही करावी.”

वाचनाची बैठक शेठच्या दुकानाच्या माळ्यावर झाली. खाली राघोकाकांचं मशीन घरघरत होतं. शेठ, ईश्वर सर, पंचशीला आणि मी. माझ्या हातात पडद्यांची चित्रं होती. सरांनी वाटेत रिक्षातच तिला सांगितलं होतं की ते पान वाचू नकोस. ती काही बोलली नव्हती. गप्प बसली म्हणजे पटलं, असा सरांचा समज झाला. इतकी वर्षं तिच्याबरोबर काम करून हा समज व्हावा, याला काय म्हणावं.

ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. वजन मोठ्या अक्षरात. नावाची चौकट. जसंच्या तसं टाकावं. नाव टाकलेला माल परत घेतला जाणार नाही. सासूचं कारण आलं तेव्हा शेठ पोट धरून हसले. मग तिने पान उलटलं. आवाज तोच होता, वाचायचा वेग तोच.

“ग्राहकाच्या पत्त्यात नया नगर हे नाव असेल तर साइटने ऑर्डर घेऊ नये. मागणी, श्री. चंदनशेठ. कारण, हा रकाना रिकामा आहे, तो आज भरायचा आहे. उदाहरण. ग्राहक, पंचशीला सहादेव पाईकराव. पत्ता, नया नगर, मीरा रोड पूर्व. वस्तू, स्टीलचा मोठा टोप, एक नग. साइटने द्यायचं उत्तर: माफ करा, तुम्हाला आमचा माल मिळणार नाही.”

शेठ तिच्याकडे बघत राहिले. ईश्वर सर टेबलावरच्या काचेकडे. मी मात्र शेठच्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते बघायचंच होतं.

“तुम्ही तिथे राहता?” शेठनी विचारलं.

“हो. बारा महिने.”

“अरे मॅडम, मग बोलायचं ना आधी. ते तुमच्यासाठी नाही हो. तुम्ही तर आपल्यातल्या.”

पंचशीलाने पेन उचललं. “आपल्यातले म्हणजे कोण, तेवढं सांगा शेठ. मी लिहून घेते. साइटला माझं तोंड दिसत नाही, तिला फक्त पत्ता दिसतो. तिने कसं ओळखायचं आपल्यातलं कोण आणि बाहेरचं कोण?”

शेठ म्हणाले की तिकडून माल परत येतो. तिने विचारलं, कुठला माल आला, कुणी पाठवला? शेठ म्हणाले, तसा आपला नाही आला, पण सगळे बोलतात. ती म्हणाली, ठीक आहे, कारणात लिहिते, सगळे बोलतात. आणि खरंच लिहायला लागली. तिथे मात्र शेठ उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. हे त्या माणसाच्या बाजूने सांगितलं पाहिजे, की तो राग नुसता राग नव्हता, त्याला लाजही वाटत होती. दुकानात रोज चहा पाजलेल्या मुलीला, तुला माल देणार नाही, असं लिहिलेला कागद त्याच्या टेबलावर होता आणि त्याखाली त्याचंच नाव होतं.

“काढा ते,” ते म्हणाले.

“मागणी तुमची आहे. तुम्ही खोडा आणि सही करा.”

तिने पेन पुढे केलं. शेठनी ते घेतलं. त्यांनी एक आडवी रेघ मारली, मग कागद फाटेल इतकी जोरात दुसरी, आणि शेजारी सही केली. मग शेवटच्या पानावर. पंचशीला आभार मानून उठली.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत शेठचा फोन आला. काम तुमच्याकडेच ठेवतो, पण त्या बाईला पुन्हा पाठवू नका, आणि तिने माफी मागितली पाहिजे. तिने माझा माझ्याच दुकानात अपमान केला. ईश्वर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे कपाटाच्या आडची जागा, सगळं ऐकू यायचं. सर गोडीत बोलत होते. दोन ओळींची मेल टाक, सॉरी म्हण, विषय संपव, दिवाळीनंतर तुला टीम लीड करतो.

पंचशीला म्हणाली, “लिहिते ना सर. माफी पाहिजे. कोणी मागितली, चंदनशेठ. का मागितली, तो रकाना त्यांना भरून द्यायला सांगा. भरला की पाठवते.”

महिन्याच्या शेवटी तिने नोकरी सोडली. काढून टाकायची हिंमत सरांना झाली नाही आणि ठेवायचीही झाली नाही. तिच्याकडे कामच द्यायचं नाही असा मधला मार्ग त्यांनी काढला होता. शेवटच्या दिवशी तिने आपले सगळे कागद मला दिले, टेबल पुसलं, आणि रोशनला सांगितलं की नावाच्या चौकटीतली अक्षरं मोजून घे, लांब नावं तुटतात. नवं काम मिळायला तिला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. ते महिने त्या घराने कसे काढले ते मला माहीत आहे, आणि ईश्वर सरांना मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

साइट धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी सुरू झाली. ऑर्डरी यायला लागल्या, सगळीकडून, नया नगरमधूनही. टेम्पो गेले, पैसे घेऊन आले, कुणाला काही झालं नाही. मग एका सकाळी मला चंदनशेठचा फोन आला. म्हणाले, क्षितिजा मॅडम, एक ऑर्डर आली आहे, काहीतरी गडबड आहे वाटतं. मोठा टोप आहे, आणि नावाच्या चौकटीत नाव तर आहे पण पुढे पत्ता पण लिहिलाय. भांड्यावर पत्ता कोण टाकतं?

मी म्हटलं, वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं. “सहादेव पाईकराव, नया नगर, मीरा रोड.” मग तेच पुन्हा हळू वाचलं. आडनाव त्यांना तेव्हा उमगलं असावं.

मी म्हटलं, “शेठ, कागदात आहे. ग्राहक लिहील ते जसंच्या तसं टाकावं, दुकानाने बदल करू नये. मागणी तुमची. सही पण तुमची.”

फोन त्यांनी ठेवला नाही. मग शेठनी राघोकाकांना हाक मारली आणि सांगितलं, ठळक टाका. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. ईदच्या दिवशी मी पंचशीलाकडे गेले. पाईकराव धनत्रयोदशी करत नाहीत. टोप कशाला घेतला म्हणून मी विचारलं, तर तिची आई म्हणाली, जुना गळत होता. मी म्हटलं, दाखवा तरी. मला ते ठिपक्यांचं नाव बघायचं होतं. टोप घरात नव्हता.

“शमीमआपाकडे गेलाय,” पंचशीला म्हणाली. शमीमआपा म्हणजे समोरच्या दारातल्या. “सकाळपासून शीरखुर्मा चाललाय त्यात. आधी तोच मागून घेतला त्यांनी, म्हणे नवा आहे, मोठा आहे.”

मी हसले. म्हटलं, बरं झालं, नाव आहे त्यावर, परत येईल.

सहादेवकाका खिडकीशी बसले होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. ते आमच्याकडे न बघताच बोलले, “गावाकडं आमच्या एका भांड्यावर नाव नव्हतं, पोरी. टाकायचं कशाला? आमचं भांडं कुणी नेतच न्हाई. घरातून बाहेर गेलंच न्हाई कधी.”

मग ते उठले आणि दार उघडून समोरच्या दाराकडे बघत उभे राहिले. आतून शेवया-दुधाचा वास येत होता.

“इथं टाकावं लागतं,” ते म्हणाले.